घाट उतरण्याआधी समुद्राचा अंदाज

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग खेड शिवापूर आणि नसरापूर मागे टाकून कापूरहोळला पोहोचतो. येथे एका बाजूला नारायणपूर-सासवडचा रस्ता फुटतो, तर दुसऱ्या बाजूला भोरचा. भोरचा रस्ता पुढे नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेने जातो, वरंध घाट उतरतो आणि महाडला कोकणात पोहोचतो. महाडहून हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर किंवा मंडणगडमार्गे वेळास, केळशी, आंजर्ले. श्रावणात सुट्या जोडून आल्या की कापूरहोळच्या फाट्यावर कोकणाकडे वळणाऱ्या गाड्यांची गर्दी वाढते. घाटात धबधबे आणि खाली समुद्र, असा एका दिवसात उरकण्याजोगा बेत अनेक घरांत ठरतो.

बेत ठरवताना मोबाइलवर बहुधा एकच गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे पाऊस आहे की नाही. पाऊस नसेल तर समुद्रही शांत असेल, असे मनोमन गृहीत धरले जाते. किनाऱ्यावर होणाऱ्या अनेक दुर्घटनांच्या मुळाशी हेच गृहीतक असते. पाऊस, लाट, भरती-ओहोटी आणि किनाऱ्याजवळचे प्रवाह या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्या किती दिवस आधी कळतात, तेही वेगळे आहे. येत्या काही आठवड्यांत किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी हा फरक समजून घेतला, तर उपलब्ध अंदाजांचा खरा उपयोग होईल.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यानंतर नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि होड्या पाण्यात जातात. यावरून शहरातल्या अनेकांचा समज होतो की, आता समुद्र निवळला. मात्र समुद्राला नारळ देणारा माणूस भरती, वारा आणि पाण्याचा रंग पाहून, चांगली होडी घेऊन, अनुभवी साथीदारांसह आत जातो. गुडघाभर पाण्यात मुलांना घेऊन उभ्या राहिलेल्या पर्यटकासाठी तो निकष लागू पडत नाही.

नैर्ऋत्य मोसमी वारे कोकण किनाऱ्यावर जवळजवळ समोरून आदळतात. जून ते ऑगस्टमध्ये येथील खोल पाण्यातील लाटांची उंची साधारण दोन ते चार मीटरच्या दरम्यान राहते. थंडीत ती एक मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ऑगस्टच्या उत्तरार्धात वारा हळूहळू मंदावतो, पण समुद्र त्याच दिवशी बसत नाही. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. तोवर मध्येच वाऱ्याचा जोर वाढतो आणि लाटा पुन्हा उसळतात. म्हणून श्रावण-भाद्रपदातला कोकणचा समुद्र ‘उघडीप असलेला, पण खवळलेला’ असू शकतो. आकाश निळे आहे, ऊन पडले आहे आणि समोर अडीच मीटरची लाट फुटते आहे, हे दृश्य या दिवसांत नेहमीचेच.

किती दिवस आधी काय कळते?

भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्याच्या आकर्षणावर चालते. तिची वेळ वर्षभर आधीही काढता येते आणि बंदरांची वेळापत्रके तशी छापली जातात.

पुढच्या चार आठवड्यांत पाऊस सरासरीहून जास्त की कमी, याचा कल भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी जाहीर करतो. तो आठवडानिहाय असतो. त्यावरून ‘तिसऱ्या आठवड्यात कोकणात पाऊस वाढण्याची शक्यता’ एवढे समजते. त्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी काय होईल, हे त्यातून शोधू नये. जिल्हावार इशारे पाच दिवसांपर्यंतचे असतात. पुण्याच्या बाबतीत घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा दिला जातो, तो आवर्जून पाहावा. शहरात रिमझिम असताना वरंध घाटाच्या डोक्यावर २४ तासांत २०० मिलिमीटर पाऊस झालेला असू शकतो. हवामान विभागाच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस.

लाटांचा अंदाज देण्याचे काम हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे, म्हणजे ‘इन्कॉइस’चे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली. लाटांची उंची, दिशा, प्रवाह यांचे काही दिवस पुढचे अंदाज ती देते आणि धोका असेल तेव्हा जिल्हावार उंच लाटांचे इशारे काढते. तिचे ‘समुद्र’ नावाचे मोबाइल अॅपही आहे.

अगदी किनाऱ्यालगतचे प्रवाह कुठे तयार होतील, हे मात्र त्या त्या दिवशी पुळणीवर उभे राहूनच ओळखावे लागते. म्हणजे एका महिन्यापूर्वी भरतीची वेळ, आठवड्यापूर्वी पावसाचा कल, दोन-तीन दिवस आधी लाटा, निघण्याच्या सकाळी घाटाची स्थिती आणि पोहोचल्यावर पाण्याची नजरपाहणी, असा हा क्रम आहे.

अंदाजातले आकडे

लाटेची उंची अडीच मीटर असे अंदाजात लिहिलेले असते, तेव्हा प्रत्येक लाट अडीच मीटरची असेल असा त्याचा अर्थ नसतो. ठरावीक वेळात येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यामुळे अधूनमधून येणारी एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही असू शकते. दहा-पंधरा मिनिटे खडकापर्यंत पाणी आले नाही म्हणून तेथे फोटोसाठी उभे राहिलेल्या माणसाला नेमकी तीच लाट गाठते. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन मीटरच्या लाटेत एक मीटरच्या लाटेच्या चौपट ऊर्जा असते.

दुसरा आकडा सेकंदांचा. एका लाटेनंतर दुसरी लाट किती सेकंदांनी येते, तो हा काळ. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सात सेकंदांच्या, आखूड आणि विस्कळीत असतात. दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा लांब, शिस्तीत आणि पंधरा-अठरा सेकंदांच्या असतात. यांना ‘स्वेल’ म्हणतात. खोल समुद्रात त्या जेमतेम जाणवतात; उथळ पाण्यात आल्यावर त्यांचा वेग कमी होतो, उंची वाढते आणि बरेच पाणी एकदम किनाऱ्यावर चढते. म्हणून दीड मीटर उंचीची पण सोळा सेकंदांची लाट, तेवढ्याच उंचीच्या सहा सेकंदांच्या लाटेपेक्षा बरीच जास्त धोकादायक.

स्वेलचा प्रवास थक्क करणारा असतो. अठरा सेकंदांच्या लाटांचा समूह खोल पाण्यात ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला बाराशे किलोमीटर सरकतो. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या दक्षिण महासागरात उठलेले वादळ आठवड्याभराने भारताच्या किनाऱ्यावर जाणवते. येथे ना वारा, ना ढग. तरीही पाणी अचानक चढते. केरळात याला ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात आणि २०१२ मध्ये युनेस्कोने हा शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील लेमूर किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण-तरुणी अशाच लाटांमध्ये बुडाले. इन्कॉइसचा इशारा आधीच निघालेला होता. थंडीतही अरबस्तानाकडच्या वाऱ्यांमुळे वायव्येकडून कोकणावर अशा लाटा येतात. ‘पावसाळा संपला की धोका संपला’ हेही म्हणूनच खरे नाही.

तिथीची पाऊणपट

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ढोबळ हिशेब कोकणात आजही वापरला जातो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. दिवसातून दोन भरत्या येतात आणि त्यांच्यात सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. ठिकाणानुसार अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो. नेमक्या वेळेसाठी वेळापत्रकच पाहावे.

आता हा हिशेब सहलीच्या वेळेशी ताडून पाहू. पुण्याहून पहाटे निघालेली गाडी वाटेत थांबत, घाट उतरत दुपारी किनाऱ्यावर पोहोचते. दिवस नारळी पौर्णिमेच्या आसपासचा असेल, तर तेव्हा भरती नुकतीच पूर्ण झालेली असते आणि पुढचे सहा तास ओहोटी. शिवाय ती उधाणाची ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे समुद्राची पातळी सर्वाधिक वर चढते आणि सर्वाधिक खाली जाते. ओहोटीचा वेगही सारखा नसतो. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी उतरते, म्हणजे साधारण दोन ते चार या वेळेत. जेवणे उरकून मंडळी पाण्यात शिरतात, ती हीच वेळ. खाडीच्या मुखाजवळ तर या वेळी सगळी खाडी समुद्राकडे रिकामी होत असते. बाणकोट, केळशी, आंजर्ले येथे किनाऱ्याला लागून खाड्या आहेत; त्यांच्या मुखाशी ओहोटीत कुणीही पाण्यात उतरू नये.

भरतीचा धोका वेगळा. समुद्राची पातळी तीन मीटरने वाढणार असेल आणि पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, तर पाण्याची कड दीडशे मीटर आत येते. वाळूत नेलेली मोटार रुतते ती यामुळेच. हरिहरेश्वरला देवळामागच्या खडकांवरून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग ओहोटीतच वापरण्याजोगा असतो. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. पाणी चढू लागले की परतायला वाट राहत नाही. पावसाळ्यात लाटा मोठ्या असताना ओहोटीतही तो मार्ग टाळणेच शहाणपणाचे.

पुराचा आणि भरतीचा संबंध

वरंध घाटाच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाची दोन टोकांना वाटणी होते. पूर्वेकडचे पाणी नीरेतून भीमेला आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेकडचे पाणी सावित्रीच्या खोऱ्यात उतरते आणि हरिहरेश्वरजवळ अरबी समुद्राला मिळते. हा दुसरा प्रवास फार छोटा, फार उताराचा. त्यामुळे महाबळेश्वर-वरंध पट्ट्यात ढग कोसळले की सावित्री काही तासांत फुगते. त्याच वेळी समुद्राला उधाण असेल, तर खाडीतले पाणी उतरत नाही आणि पूर तुंबतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह इतर वाहने नदीत पडली. ती अमावास्या होती. २२ जुलै २०२१ रोजी घाटाखालच्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक जीव गेले; महाड शहर त्याच काळात पाण्याखाली होते. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. पूल किंवा डोंगर भरतीने पडत नाहीत. मात्र पुराचे पाणी किती वेळ थांबणार, हे भरती ठरवते. अतिजोरदार पावसाचा इशारा आणि पौर्णिमा-अमावास्या एकत्र आली, तर महाडमार्गे प्रवासच टाळावा. वरंध घाट अनेक पावसाळ्यांत दरडींमुळे वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो. त्याची खात्री भोरला पोहोचून नव्हे, कापूरहोळला वळण्याआधी करावी.

शांत दिसणारे पाणी

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. त्या दिवशी चंद्रही अर्धा होता, म्हणजे उधाणाचे नव्हे तर भांगाचे दिवस होते. पंचांग आणि आकाश दोन्ही निर्धोक वाटावेत, अशा दिवशीही समुद्र जीव घेऊ शकतो. त्यासाठी किनाऱ्याजवळचे प्रवाह समजून घ्यावे लागतात.

लाटा फुटून किनाऱ्याकडे जे पाणी ढकलतात, ते परत जायला वाट शोधते. वाळूच्या दोन दांड्यांमधील खोलगट जागेतून किंवा खडकाच्या कडेने ते एका अरुंद पट्ट्यात वेगाने समुद्राकडे ओढले जाते. याला ‘रिप करंट’ म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. ऑलिम्पिकमधील जलतरणपटूही त्याच्याविरुद्ध पोहू शकणार नाही. कोकणातल्या पुळणी बहुतेक ठिकाणी दोन डोंगरी टोकांच्या मध्ये वसलेल्या आहेत आणि त्या टोकांशी असे प्रवाह सहज तयार होतात.

फसवणूक अशी की, या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत पाणी. नवख्याला तीच जागा मुलांना खेळवायला बरी वाटते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे थोड्या उंचावरून समुद्र पाहावा. फेस, पालापाचोळा, गढूळ पाणी एखाद्या पट्ट्यातून आत जाताना दिसते का, लाटांची रांग एखाद्या ठिकाणी तुटते का, हे बघावे. स्थानिक जीवरक्षक, होडीवाले किंवा घरगुती खाणावळ चालवणारे यांना विचारावे आणि त्यांनी नको म्हटले तर वाद घालू नये.

अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे पोहण्याची धडपड करू नये. माणूस बुडतो तो थकल्यामुळे. प्रवाह आत ओढतो, तळाला खेचत नाही. उताणे होऊन तरंगावे, श्वास सांभाळावा, हात वर करून मदत मागावी. ओढ सैल झाल्यावर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर परत यावे.

बुडणारा माणूस ओरडत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून त्याच वर्षी जाहीर केला. सिनेमात दिसतो तसा बुडणारा माणूस हात हलवत ओरडत नाही. श्वासासाठीच झगडा चालू असल्याने आवाज फुटत नाही. डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या रेषेशी, हात पाणी खाली दाबत असलेले. हा प्रकार मिनिटभरात संपू शकतो. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने केवळ त्यांच्यावरच नजर ठेवावी. फोन नाही, गप्पा नाहीत. मद्य घेतलेल्याने पाण्यात पाऊलही टाकू नये.

वाचवायला एकामागोमाग उड्या घेणारे नातेवाईक आणि मित्र बुडतात, तेव्हा एकाची दुर्घटना चौघांची होते. आत जाण्याऐवजी काहीतरी फेकावे. दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब, रिकाम्या बाटल्यांची बंद पिशवी, यांतले काहीही माणसाला तरंगते ठेवू शकते. एकाने लगेच ११२ किंवा १०८ ला फोन करावा.

माणसाला बाहेर काढल्यावर पोट दाबणे, उलटे टांगणे, गरगर फिरवणे असे प्रकार करू नयेत. पाणी काढण्याच्या नादात मौल्यवान मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. श्वास चालू नसेल तर उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक बंद धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाब आणि दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दाब पाच-सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने असावा. तोंडाने श्वास देणे जमत नसेल, तर निदान छाती दाबत राहावे. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ऊब द्यावी. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. खोकला, धाप, गुंगी ही त्याची लक्षणे.

निघण्यापूर्वीची यादी

बेत ठरवताना पंचांगात तिथी पाहावी आणि भरतीची वेळ काढून ठेवावी. दोन दिवस आधी इन्कॉइसचा रायगड-रत्नागिरीसाठीचा लाटांचा इशारा तपासावा. पिवळा, नारिंगी वा लाल इशारा असेल तर पाण्यात उतरणे बेतातून काढून टाकावे. निघण्याच्या सकाळी पुणे घाट आणि रायगडचा पावसाचा इशारा, तसेच वरंध घाट चालू आहे की बंद, हे पाहावे. गाडीत वीस मीटर दोरी आणि झाकणाचा रिकामा कॅन ठेवावा. किनाऱ्यावर पोहोचल्यावर ओल्या वाळूच्या रेषेच्या वर बसावे आणि पाण्यात जायचेच असेल तर घोट्याच्या वर पाणी येणार नाही, एवढ्यावर थांबावे. खऱ्या अर्थाने पाण्यात खेळायचे असेल, तर ती सहल डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवावी आणि तेव्हाही लाटांचा इशारा पाहूनच निघावे.